गावचे दप्तर आणि आपली अब्रू



तुमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेर भिंतीवर एक फलक असतो. एखाद्या दिवशी वेळ काढून त्या फलकासमोर उभे राहा आणि त्यावर काय चिकटविले आहे ते शांतपणे वाचा. घरकुलाची यादी असेल, निराधारांच्या पेन्शनची यादी असेल, घरपट्टी थकलेल्यांची असेल. आता त्या यादीचे रकाने पाहा. अनुक्रमांक आणि नाव हे तर आलेच. परंतु त्याच ओळीत जात, बँकेच्या खात्याचा क्रमांक, आधारचे बारा आकडे आणि मोबाइल नंबर हेही लिहिलेले आढळले, तर आज जे सांगावयाचे आहे ते तुम्हांलाच सांगावयाचे आहे.

अशी एक यादी आम्ही स्वतः वाचली आहे. गावाचे नाव येथे देत नाही. कारण हा एका गावाचा प्रश्न नाही. पावसाने कडा भिजलेला एक कागद होता आणि त्यावर चौदा नावे होती. त्यांपैकी एक आपली भगिनी. तिच्या नावापुढे जात, जातीपुढे ‘विधवा’ हा शब्द, त्यापुढे खात्याचा क्रमांक, आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर. एस. टी. ची वाट पाहत उभा असलेला कोणीही मनुष्य तो कागद वाचू शकत होता. कोणीतरी त्याचे छायाचित्र घेतले आणि ते गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. पुढे काही दिवसांनी त्या बाईस दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने तिचे पूर्ण नाव सांगितले, खात्याचा क्रमांक सांगितला, आधारचे आकडे सांगितले. इतके सारे ज्यास ठाऊक आहे तो सरकारी माणूसच असला पाहिजे, असे तिने मानले आणि मोबाइलवर आलेला अंक त्यास सांगितला. दोन महिन्यांचे पेन्शन गेले. ती पंचायतीत विचारावयास गेली तेव्हा तिला एका वाक्यात वाटेस लावण्यात आले: “बाई, यादी लावायची हा नियमच आहे.”

हा नियम खरोखर काय आहे, तो कोणासाठी आहे आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणी कोणास दिला, याचा विचार आपण करावयाचा आहे.

दप्तर कोणाचे?

जुन्या गावगाड्यात दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. कोणाची जमीन किती, कोणाचा हक्क कोणता, कोणी कोणती चाकरी करावयाची, हे सर्व त्याच्या रुमालात बांधलेले असे. आपल्या आज्या-पणज्यांनी गावचा सारा तालुक्याच्या कचेरीपर्यंत वाहून नेला, शिवेच्या तंट्यात साक्षी दिल्या, सरकारी टपाल उन्हापावसात पोचविले. पण ज्यांनी दप्तर वाहिले त्यांस त्या दप्तरातील एक ओळ वाचण्याची मुभा नव्हती. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे आपणांस ठाऊक नसे, आणि ज्यास ठाऊक असे त्याच्या हाती आपली भाकर असे.

१८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था सरकारी शिक्क्यानिशी कायम केली. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात दुरुस्तीचे बिल मांडले. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. वतने गेली, पण दप्तराकडे पाहण्याची गावाची दृष्टी मात्र गेली नाही. रुमालाच्या जागी आज कपाट आले आहे आणि कपाटाशेजारी संगणक आला आहे. तेथे बसणारा मनुष्य बदलला असेल, त्याची जातही बदलली असेल. परंतु दप्तर आपले आणि त्यातील माणसेही आपलीच, ही भावना त्या खुर्चीला अद्याप चिकटलेली आहे. आपण अर्ज देतो तेव्हा आपण आपली माहिती विश्वासाने ठेवावयास देत असतो. पंचायत मात्र ती आपल्या मालकीची झाली असे समजते. सारा तंटा येथे आहे.

बाबासाहेबांना गावाविषयी मोह नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना, या संविधानाने खेड्यास बाजूस सारून व्यक्ती हाच घटक मानला याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले होते. या एका गोष्टीचे महत्त्व नीट ध्यानात घ्या. गाव घटक असेल तर गावास तुमच्याविषयी सर्व काही ठाऊक असण्याचा हक्क आहे. व्यक्ती घटक असेल, तर तुमच्याविषयी काय सांगावयाचे आणि कोणास सांगावयाचे, हे प्रथम तुम्ही ठरवावयाचे. आपण दुसरी बाजू स्वीकारली आहे आणि देशाच्या संविधानानेही तीच स्वीकारली आहे.

नियम काय सांगतो?

यादी लावणे हा नियम आहे, हे म्हणणे अर्धे खरे आहे. म्हणूनच ते अधिक घातक आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ अन्वये अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, किती रक्कम वाटली आणि लाभार्थी कोण, याचा तपशील सार्वजनिक संस्थेने आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा असतो. हा नियम चांगला आहे. तो गरिबांच्या लढ्यातून आलेला आहे. कोणाच्या नावावर घरकुल मंजूर झाले आणि पैसा कोणाच्या खिशात गेला, हे यादीवाचून कळत नाही. सरपंचाच्या भावकीस दोनदा घर मिळाले आणि वस्तीतील कुडाचे घर तसेच राहिले, ही गोष्ट यादीनेच उघड होते. यास्तव यादी काढून टाका अशी मागणी आपल्यापैकी कोणी करू नये. ती मागणी लबाडांच्या सोयीची ठरेल.

प्रश्न यादीचा नसून रकान्यांचा आहे. कायद्याने ‘तपशील’ असा शब्द वापरला आणि कारकुनाने त्याचा अर्थ फायलीत जे जे असेल ते ते असा लावला. नाव, योजना, मंजूर रक्कम, दिलेला हप्ता, एवढ्याने पैशाचा हिशेब गावास तपासता येतो. खात्याच्या क्रमांकाने गावाच्या ज्ञानात कोणती भर पडते? आधारच्या बारा आकड्यांनी कोणता भ्रष्टाचार पकडला जातो? बाई विधवा आहे हे तिच्या शेजारणीस ठाऊक असते. ते रस्त्यावरच्या परक्या माणसास सांगून कोणते लोकहित साधते?

आधार क्रमांकाविषयी तर संदेहास जागाच नाही. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम २९, उपकलम ४ ने, विनियमांत सांगितलेल्या प्रयोजनाखेरीज, कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास, लावण्यास वा दाखविण्यास मनाई केली आहे. पंचायतीचा फलक हा जाहीर नव्हे तर काय आहे? आणि हा अपराध केवळ खेड्यातील अडाणी कारकुनाचा आहे असेही समजू नका. केंद्र व राज्य सरकारांची आणि शिक्षणसंस्थांची मिळून सुमारे २१० संकेतस्थळे लाभार्थ्यांची नावे, पत्ते व आधार क्रमांक उघड्यावर मांडत होती, ही कबुली आधार प्राधिकरणाने माहिती अधिकाराखाली २०१७ मध्ये दिली. झारखंडात तर त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक पेन्शनधारकांचे आधार क्रमांक सरकारी संकेतस्थळावर उघडे पडले होते. जे वर घडते त्याचेच अनुकरण खाली होते.

त्याच २०१७ सालच्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने निकाल दिला की, खाजगीपणाचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या कलमात अंतर्भूत असलेला मूलभूत हक्क आहे. हा हक्क परदेशातून काल आयात झाला असे म्हणणारे विद्वान आपल्या देशात पुष्कळ आहेत. त्यांनी बाबासाहेबांचे १९४७ सालचे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन उघडून पाहावे. माणसाचा देह, त्याचे घर आणि त्याची कागदपत्रे यांस अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे, असे कलम त्यांनी त्यात घातले होते. ते अंतिम संविधानात आले नाही. सत्तर वर्षांनी न्यायालयास त्या वाटेने परत यावे लागले. ज्याच्या पूर्वजांच्या घरात कोणीही केव्हाही हाक मारून शिरावे आणि वेठीस धरून न्यावे, त्या समाजाच्या नेत्यास घर आणि कागद यांचे मोल प्रथम कळले, यात नवल नाही.

ज्यांच्यावर खूण करावयाची ते कोण?

गेल्या काही वर्षांतील दोन गोष्टी आठवा. २०१७ मध्ये राजस्थानातील दौसा जिल्ह्यात स्वस्त धान्य घेणाऱ्या कुटुंबांच्या घरांच्या भिंतींवर, हे कुटुंब गरीब असून सरकारी धान्य घेते, अशा अर्थाचा मजकूर रंगविण्यात आला. लबाड लाभार्थ्यांस आळा घालणे हा हेतू सांगितला गेला. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात घरीच अलग राहावयास सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्के मारले गेले, आणि अनेक शहरांत रुग्णांच्या दारावर कागद चिकटविले गेले. त्या कागदांविषयी सर्वोच्च न्यायालयास ९ डिसेंबर २०२० रोजी सांगावे लागले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याखेरीज कोणाच्या घरावर असे कागद लावू नयेत.

साथीचा प्रश्न वेगळा होता, गरिबीचा वेगळा, हे आम्ही जाणतो. परंतु सरकारी हातास एक सवय लागलेली दिसते. माणसास मदत करावयाची तर आधी त्याच्यावर खूण करावयाची. आयकरात सूट घेणाऱ्या श्रीमंताच्या बंगल्यावर कोणी असा मजकूर रंगविल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? कर्ज माफ झालेल्या कारखानदाराच्या खात्याचा क्रमांक चावडीवर लागला आहे काय? खूण नेहमी खालच्या माणसावर होते. आणि खुणेचा अर्थ आपल्याइतका दुसऱ्या कोणास कळणार? गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधून ज्यांच्या पूर्वजांस चालावयास लावले, त्यांनी तरी खुणेस सोय समजू नये.

लाज कोणाची?

येथे कोणी आपल्यास डिवचून विचारील, “तुम्ही जयंतीला मिरवणूक काढता, गाडीवर निळा झेंडा लावता, आणि यादीत जात लिहिली तर तुम्हांस वाईट वाटते? आपल्या जातीची तुम्हांला लाज वाटते काय?”

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक बौद्ध कुटुंबात पाठ असले पाहिजे. आपणांस लाज वाटत नाही. मी कोण आहे हे मी स्वतः, माझ्या तोंडाने, माझ्या इच्छेने सांगतो तेव्हा तो माझा स्वाभिमान असतो. तीच गोष्ट दुसऱ्याने माझ्या नावापुढे, मला न विचारता, मला घर नाकारणाऱ्याच्या हाती देण्यासाठी लिहिली, तर ते माझ्यावर केलेले आक्रमण असते. शब्द एकच असला तरी बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर त्याचा अर्थ फिरतो. तालुक्याच्या गावी शिकावयास गेलेल्या मुलीस खोली भाड्याने देणारी घरमालकीण तिचे आडनाव विचारून थांबत नाही. ती गावातील ओळखीच्यास विचारते, आणि तो मोबाइलवर आलेली यादी पुढे पाठवितो. खोली दुसऱ्यास दिली गेल्याचा निरोप येतो. या मुलीने कोणता अपराध केला? तिच्या बापाने घरकुलासाठी अर्ज केला, एवढाच.

आणि जात सांगितल्यावाचून आपले चालत नाही, ही तर या व्यवस्थेची मोठी क्रूर थट्टा आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. १९५६ साली आपल्या लोकांनी धर्मांतर केले तेव्हा त्या सवलती केंद्राच्या दारात गमावल्या. त्या परत मिळावयास १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला. म्हणजे चौतीस वर्षे आपण मोल देऊन बौद्ध राहिलो. आजही मुलास शिष्यवृत्ती हवी असेल, तर ज्या जातीचा आपण त्याग केला तिचे नाव दाखल्यावर लिहून द्यावे लागते. आपण ते देतो. कारण हक्क हा भीक नव्हे, आणि शतकांच्या अन्यायाची भरपाई मागताना अन्यायाचे नाव सांगावेच लागते. परंतु ते नाव आपण दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यास, त्या एका कामासाठी, पुराव्यादाखल सांगतो. ते त्याच्या टेबलावरून उठून चावडीवर, चावडीवरून मोबाइलवर आणि मोबाइलवरून घरमालकिणीपर्यंत जाण्यास आपण संमती दिलेली नाही. जखम वैद्यास दाखविली म्हणून ती बाजारात उघडी करण्याचा परवाना वैद्यास मिळत नाही.

या बेपर्वाईची दुसरी बाजूही पाहा. जे गुप्त ठेवावयाचे ते उघडे ठेवणारी हीच कार्यालये जे अचूक लिहावयाचे ते चुकीचे लिहितात. तुम्ही तोंडाने ‘बौद्ध’ सांगता आणि नोंदवहीत सवयीने ‘हिंदू’ पडते. तुम्ही अर्जावर भीमनगर लिहिता आणि घरपट्टीच्या पावतीवर जुन्या जातिवाचक वाड्याचे नाव छापून येते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. निर्णय मुंबईत झाला. तुमच्या पावतीपर्यंत तो पोचला की नाही, हे तुम्हीच पावती काढून पाहा. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. त्या ठरावाचा उपयोग करून घेण्यासाठी १९२७ च्या मार्चमध्ये हजारो माणसांस तळ्यावर जावे लागले. मग त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठरावच रद्द केला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागावयास १९३७ साल आले. कागदावरचा हक्क आपल्या पायांनी चालत दारात येत नाही, हा महाडचा धडा आहे.

पडदा कोणासाठी?

२०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. आपली माहिती काय ठेवली आहे हे विचारण्याचा, चुकीची दुरुस्त करून घेण्याचा आणि गरज संपल्यावर ती पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क या कायद्यात आहे. नियमभंगास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे वाचून हर्ष होतो. परंतु पुढे वाचा. या हक्कांची कलमे नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरले. हा कायदा संगणकात असलेल्या, किंवा कागदावरून संगणकात घेतलेल्या माहितीस लागू आहे. जी वही नुसती कागदाचीच राहिली ती त्याच्या कक्षेबाहेर. दुसऱ्या कायद्याने जी माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे तीही बाहेर. अनुदाने, सवलती व दाखले यांसाठी सरकारने माहिती वापरावयाची तर निराळ्या संमतीची गरज नाही. शिवाय केंद्र सरकारला आपल्या मर्जीतील सरकारी यंत्रणांस देशाची सुरक्षितता व सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी या कायद्यातून सूट देता येते. गरीब माणसाची सर्वांत अधिक माहिती ज्या सरकारपाशी आहे, त्याच सरकारसाठी कायद्याच्या भिंतीत इतकी दारे ठेवली आहेत.

एक बदल मात्र अठरा महिने थांबला नाही. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये दुरुस्ती केली आणि ती नियमांबरोबर तत्काळ अंमलात आली. पूर्वी, व्यापक लोकहित असेल तर व्यक्तीविषयीची माहिती देता येत असे, असे त्या पोटकलमातच लिहिलेले होते. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द उच्चारून अधिकाऱ्यास नकार देता येतो. लोकहितासाठी माहिती देण्याची वाट त्याच कलमाच्या उपकलम २ मध्ये अजून शिल्लक आहे. परंतु ती वाट किती अधिकारी आपण होऊन दाखवितील?

याचा परिणाम काय होईल तो पाहा. वस्तीच्या रस्त्याचे देयक कोणत्या ठेकेदारास कितीचे दिले, हे विचारावयास तुम्ही जाल. तेव्हा सांगण्यात येईल की ती वैयक्तिक माहिती आहे. आणि परतताना फलकाकडे पाहाल, तर तेथे त्या विधवा भगिनीचा खाते क्रमांक अजून लटकत असेल. ठेकेदाराची रक्कम खाजगी आणि निराधार बाईचे खाते सार्वजनिक! ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचा कारभार उघडा असावा आणि ज्याच्या हाती सत्ता नाही त्याचे जीवन झाकलेले असावे, हे लोकशाहीचे साधे सूत्र आहे. आपल्याकडे ते उलटे टांगले गेले आहे. खाजगीपणाचा हक्क पाहिजे आणि माहितीचा अधिकारही पाहिजे. ही दोन्ही शस्त्रे दुबळ्याच्या हाती राहण्यासाठी आहेत, आणि त्यांपैकी एक दाखवून दुसरे काढून घेणाऱ्यापासून आपण सावध राहिले पाहिजे.

आता काय करावयाचे?

रागावून घरी बसल्याने फलकावरील कागद निघत नाही. पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबास करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, आधारची झेरॉक्स कोणी मागितली की देऊन टाकण्याची सवय सोडा. कशासाठी हवी ते विचारा. फक्त शेवटचे चार आकडे दिसतात अशी आधारची प्रत काढता येते. ती चालत असेल तेथे तीच द्या. पूर्ण प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवे लिहा: ‘केवळ अमुक योजनेच्या अर्जासाठी’, आणि खाली तारीख व सही करा. मोबाइलवर आलेला अंक सरकारचे नाव सांगणाऱ्यासही देऊ नका. घरातील वृद्धांस हे आजच सांगा.

दुसरी गोष्ट, फलकावर वा मोबाइल गटावर अशी यादी दिसली, तर तिचे छायाचित्र पुरावा म्हणून जपून ठेवा. पुढे मात्र पाठवू नका, नाहीतर आपणही त्याच पापाचे भागीदार होऊ. मग ज्यास आपण ग्रामसेवक म्हणत आलो त्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात दोनच मागण्या ठेवा. आधार, खाते, मोबाइल, जात आणि वैधव्य यांचे रकाने काढून यादी पुन्हा लावावी. आणि अशी यादी कोणाच्या आदेशाने लावली ते कळवावे. दाद लागली नाही तर पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्याकडे आणि नंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे जा. शहरात राहत असाल तर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्याकडे जा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही लागत नाहीत, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आपल्या कुटुंबाची माहिती कोणत्या खाजगी कंपनीस वा सर्वेक्षण करणाऱ्यास दिली, हेही त्या अर्जाने विचारा.

तिसरी गोष्ट, ग्रामसभेत बसा. प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदन करून परत फिरू नका. सभा सुरू होऊ द्या आणि उभे राहून ठराव मांडा: या पंचायतीच्या कोणत्याही जाहीर यादीत नाव, योजना आणि रक्कम यांखेरीज दुसरा रकाना असणार नाही. हा ठराव सवर्ण गरिबांच्याही हिताचा आहे; त्यांच्याही आयांचे खाते क्रमांक त्याच भिंतीवर आहेत. त्यांस ते समजावून सांगा. आपल्या पाठीशी चार हात अधिक उभे राहतील.

चौथी गोष्ट, नोंद दुरुस्त करून घ्या, आणि खानेसुमारीस भिऊ नका. पंचायतीच्या फलकाचा राग मनात धरून खानेसुमारीच्या माणसापासून काही लपवावयाचे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुम्ही दिलेली वैयक्तिक माहिती गुप्त असते. ती कोणास पाहता येत नाही आणि पुरावा म्हणून न्यायालयात आणता येत नाही. माहिती कशी घ्यावी आणि कशी राखावी याचा हा नमुना आहे. १९५१ च्या खानेसुमारीत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध सुमारे अडीच हजार होते. १९६१ मध्ये ते सुमारे २८ लाख झाले. २०११ मध्ये राज्यात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. ही संख्या कशी झाली? बायामाणसांनी दारात आलेल्या गणकास धर्म न चाचरता सांगितला, म्हणून झाली. पुढील जनगणनेत जातीचीही नोंद घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असेच लिहिले गेले की नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहा. समाजाची संख्या जगास कळली पाहिजे. एकेका घराकडे बोट दाखविण्याचे साधन मात्र कोणाच्या हाती जाता कामा नये.

आणि पाचवी गोष्ट कडू आहे, पण सांगितलीच पाहिजे. आपल्या विहार समित्या आणि मंडळेही वर्गणीदारांच्या, वधूवरांच्या व विद्यार्थ्यांच्या याद्या ठेवतात. कोणाची किती वर्गणी थकली हे फळ्यावर लिहिले जाते. मुलींचे फोन नंबर आणि छायाचित्रे गटागटांतून फिरतात. जो न्याय पंचायतीस लावावयाचा तो प्रथम आपल्या वहीस लावा. कुलकर्ण्याचे दप्तर आपल्या हाती आले म्हणून आपण कुलकर्णी झालो, तर धम्माने आपल्यात कोणता बदल केला?

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या वडीलधाऱ्यांनी नावे बदलली, देव्हारे उतरविले, मेलेली गुरे ओढणे सोडले. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने द्यावयाचे नाही, एवढ्यासाठी त्यांनी उपासमार सोसली. ते उत्तर आज एखाद्या कारकुनाने फलकावर टाचून ठेवावे आणि आपण त्यासमोरून मान खाली घालून जावे, हे त्यांच्या कष्टांस शोभणारे नाही. पंचायतीच्या भिंतीपुढे मान ताठ ठेवून उभे राहा, अर्ज द्या आणि पोच घेतल्यावाचून परत फिरू नका.

जय भीम.